नानांच्या माडीवरचे डबे

आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि आडनावावरून जातीपर्यंत पोचण्याची आपल्याकडची आडवळणाची चौकशीही केली नाही. मला दारात उभं करून त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वजन किती शे तुमनं, बाई?"

मी तशीच मागे फिरणार होते. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते, लग्नही नवं होतं, आणि अनोळखी माणसाने वजन विचारावं अशी माझी त्या वेळी मुळीच तयारी नव्हती. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या. "मनवर लेऊ नका, बाई," त्या म्हणाल्या. "त्या बठ्ठासले इचारतस. कलेक्टर उना तरी इचारतीन."

या अक्का, आणि ते नाना. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, पण उभा जन्म जळगावात केळीच्या वखारीत तोलाई करण्यात गेलेला. माणूस समोर आला की त्यांच्या मनात काटा हलायला लागे. माझ्या नवऱ्याला तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसतं पाहिलं आणि आकडा सांगून टाकला. नवऱ्याने मला लग्नाआधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा होता. तेव्हापासून नवऱ्याने माडीवर जायचं झालं तर एकट्याने जावं आणि भिंतीच्या कडेकडेने चालावं असा नियम झाला. नवरा म्हणे, "मला वर जाऊन करायचं काय आहे?" पण अपमान व्हायचा तो झालाच होता.

घर कडीपाटाचं होतं. खालच्या खोल्यांवर आडव्या सागवानी तुळया आणि त्यांच्यावर ठोकलेल्या जाड सागवानी पाट्या. आमचं छत तीच नानांची जमीन. हे लाकूड सातपुड्यातलं, चोपड्यावरून बैलगाडीने आलेलं, आणि त्या पाट्या नानांनी तरुणपणी सुताराच्या हाताखाली बसून स्वतः घासलेल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, गल्लीत माहेरवाशिणींसाठी झोके बांधायला सुरुवात झाली की नाना गुडघ्यांवर बसून त्या पाट्यांना जवसाचं तेल चोळत. मग काही दिवस वर कोणी पाऊल टाकायचं नाही. नाना-अक्का ओट्यावर झोपत, आणि आमच्या वरणाला जवसाच्या तेलाचा वास येई. माडीवर पाय धुऊन जायचं, जोडवी घालून जायचं नाही, पाटा-वरवंटा वर न्यायचा नाही. पाट्यांच्या फटींतून केर आमच्या ताटात पडतो अशी मी एकदा तक्रार केली तर नानांनी आठवडाभर खपून फटींत तेलात भिजवलेला कापूस दाबून बसवला. वर मलाच म्हणाले, "आधी सांगं नही तुम्ही. पाट्यासले थंडी लागत व्हती."

माणूस विक्षिप्त खरा, पण गल्लीतले लोक हसत आणि सोडून देत. ज्याला सोडून देता आलं नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा मुलगा सुनील.

सुनील एकुलता एक. मॅट्रिकनंतर त्याने वखारीत पाय ठेवला नाही. तेव्हा नुकतंच व्हिडिओ गेमचं वेड आमच्याकडे आलं होतं. सुनीलने स्टेशनजवळ एक गाळा भाड्याने घेतला आणि भुसावळहून जुने तीन डबे आणून बसवले. डबे म्हणायचं एवढंच. एकेक डबा पुरुषभर उंच, लोखंडी कपाटाच्या तोडीचा. वर जाड काचेची पिक्चर ट्यूब, मध्ये दांडा आणि बटणं, तळाशी तांब्याच्या तारांचा वजनदार ट्रान्सफॉर्मर, आणि हे सगळं धूड चार लोखंडी बोल्टांवर उभं. एक-दीड वर्ष धंदा बरा चालला. मग गाळ्याच्या मालकाला तिथे कापडाचं दुकान काढायचं सुचलं, आणि एका दुपारी तिन्ही डबे हातगाडीवरून आमच्या दारात आले.

खाली आम्ही भाडेकरू. अंगणात ठेवले तर पावसाने जातील. राहिली माडी. नाना वखारीत होते. हमालांनी दोन डबे दोर लावून वर चढवले, तिसरा जिन्याच्या तोंडाशी टेकवला आणि ते निघून गेले. तो सुनीलने एकट्याने ओढला. मी खाली वह्या तपासत बसले होते. डोक्यावरून असा काही आवाज गेला की माझ्या दातांना कळ आली. त्याच वेळी नाना दारात आले. वर दारापासून खिडकीपर्यंत पांढरा लांबलचक ओरखडा पडला होता.

नंतरचं सगळं मी खालून ऐकलं. न ऐकण्याची सोय त्या घरात नव्हतीच.

"जरासा ओरखडा शे, नाना. तेल लावं का बुजी जाई."

"जरासा?"

"तुमले पोऱ्यापेक्षा पाट्या मोठ्या शेत का?"

"हो, मोठ्या शेत. पाट्या मनं ऐकतस. ह्या डबा खाले उतार, नही तं तू बी उतर!"

मग सुनीलचा आवाज आला, अगदी शांत. "मी उतरस. डबा ऱ्हाऊ द्या. ईसन लई जासू."

डबे नंतर येऊन नेईन एवढं सांगून तो पिशवी घेऊन खाली आला. आमच्या दाराशी चपला घालताना माझ्याकडे बघून "येतो, बाई" म्हणाला, रोज म्हणायचा तसंच. संध्याकाळच्या गाडीने तो सुरतेला गेला. अर्ध्या खानदेशाची पोरं तिथे कापडाच्या मागांवर आहेत. गेलेल्या माणसाला कोणी ना कोणी गाववाला भेटतोच.

आठ दिवसांत येईल असं नानांना वाटलं होतं. मग म्हणू लागले दिवाळीला येईल. दिवाळी गेली. वर दोन डबे खिडकीशी आणि एक भिंतीशी, जिथे ठेवले तिथेच उभे होते. एवढ्या घासूनपुसून ठेवणाऱ्या माणसाने तो पांढरा ओरखडाही तसाच राहू दिला. त्याच्यावर तेलाचा हात फिरवला नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "नाना, विकून का टाकत नाही हे डबे? पाट्यांचा जीव तरी वाचेल."

नाना माझ्याकडे, वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसे बघत राहिले. "बाई, विकी टाकात तं तो कसाले ई? 'ईसन लई जासू' सांगं शे त्यानं. डबा शेत तवपावत त्याले येनं पडी."

तेव्हा मला त्या घरातलं सगळं गणित कळलं. डबे गेले तर मुलाला घरी यायचं कारण उरणार नाही. आणि पाट्या खचल्या तर डबे काढावेच लागतील. म्हणजे ज्या पाट्यांसाठी मुलाला घालवला, त्याच पाट्या आता मुलासाठी सांभाळायच्या होत्या. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवली.

त्यानंतर नानांनी जे उपद्व्याप केले त्यांचा मार आमच्या सगळ्या गल्लीने खाल्ला. डब्याचं सगळं वजन चार बोल्टांवर, आणि बोल्टाचं डोकं रुपयाच्या नाण्याएवढं. ते पाटीत रुतत चाललं होतं. नानांनी आधी गोणपाटाच्या घड्या घातल्या. बोल्टांनी त्या महिन्याभरात आरपार कापल्या. मग त्यांना रबराची कल्पना सुचली. दारोदार जाऊन त्यांनी जुन्या स्लिपरा मागितल्या. मागून न मिळालेल्या कशा मिळवल्या ते मी विचारलं नाही, पण माझ्या नवऱ्याची बऱ्यापैकी नवी जोडी त्याच आठवड्यात नाहीशी झाली. तळव्यांचे चौकोन कापून प्रत्येक बोल्टाखाली गेले. आणि मग जळगावचा उन्हाळा आला. वरचे पत्रे तापले, खाली जवसाचं तेल मुरलेलं, त्यात ते रबर असं विरघळून चिकटलं की काढताना सुरीची पाती वाकली.

पण नानांनी खरी कमाल केली ती तिसऱ्या वेळी. रबर खरवडायचं तर डबे हलवायला हवेत, आणि ओढायचे तर नाहीत. नाना म्हणाले, त्यात काय, वखारीत आम्ही जड वस्तू केळीच्या खोडावरून सरकवतो. त्यांनी केळीची ताजी खोडं आणवली, त्यांचे पदर सोलून ओले ओले पाट्यांवर अंथरले, आणि डबे त्यांच्यावर चढवले. काय सांगू, ते डबे लोण्यावरून सरकावेत तसे सरकले! नानांनी टाळ्या पिटल्या. नवऱ्यालासुद्धा भिंत सोडून मध्ये येऊ दिलं. रबर निघालं. डबे जागेवर गेले. आणि खालचे पदर नानांनी काढलेच नाहीत. "गार ऱ्हातीन," म्हणाले. "उन्हायामा पाट्यासले बरं."

पदर वाळून कुजायला लागले, चिलटं झाली, तेव्हा कुठे ते काढले. खाली पाट्यांवर काळेकुट्ट डाग उमटलेले होते.

केळीच्या चिकाचा डाग जन्मात निघत नाही हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. मळ्यात जाणारी माणसं कपड्यांचा एक जोड त्याच्यासाठी वेगळा ठेवतात. खुद्द नानांच्या प्रत्येक सदऱ्याला असा डाग होता. जन्मभर चिकात वावरलेल्या माणसाने आपल्या जिवापाड जपलेल्या पाट्यांवर ती खोडं स्वतःच्या हाताने अंथरली होती! नाना डागांकडे बघत उकिडवे बसले. "कपडा येगया, लाकूड येगयं, असं वाटनं माले," ते हळूच म्हणाले. कापडाला लागणारा डाग लाकडाला लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

ते ऐकून अक्कांना हसू फुटलं. त्यांना हसू आवरेना, त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, डोळ्यांत पाणी आलं तरी हसतच राहिल्या. आधी नाना रागाने बघत होते, मग तेही हसायला लागले. सुनील गेल्यापासून त्या माडीवरून हसण्याचा आवाज आलेला मी पहिल्यांदा ऐकला. हसून झाल्यावर अक्कांनीच डोकं चालवलं. पाटीवर वजन देता कशाला, म्हणाल्या. एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत पोचेल अशी जाड फळी टाका आणि डबा त्या फळीवर ठेवा. नानांना ते पटलं, पण फळी पाटीला घासेल ही काळजी राहिलीच. मग त्यांनी धुळ्याच्या बाजारातून धनगराकडून घेतलेली आपली अंगावरची घोंगडी कापली आणि तिचे पट्टे फळ्यांखाली घातले. त्या थंडीत ते अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत झोपले आणि खोकत राहिले.

तेवढ्यानेही भागलं नाही. एक दिवस सुतारमिस्त्री आमच्या खोलीत आला, मान वर करून तुळया बघत राहिला. भिंतीशी जो एकटा डबा होता त्याच्याखालची तुळई भिंतीवर चांगली बसलेली होती. "हिच्यावर हत्ती बांधा," मिस्त्री म्हणाला. पण खिडकीकडच्या दोन डब्यांखालची तुळई मधोमध लवली होती. तिला खालून टेकू हवा. आणि खालून म्हणजे आमच्या खोलीत, पलंग आणि टेबलाच्या मध्ये.

नाना दारात हात जोडून उभे राहिले. "बाई, रागे भरू नका. तुमनी खोलीमा एक खांब उभा करना पडी."

मी रागावले. चांगली तोंडाला येईल ते बोलले. भाडं आम्ही देतो ते खांबाशेजारी झोपायला नाही, असंही म्हटलं. नाना मान खाली घालून ऐकत राहिले, आणि माझं बोलणं संपल्यावर त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मंग कव्हय उभा करू?"

खांब उभा राहिला. नवऱ्याच्या कपाळाला त्याने दोनदा टेंगूळ आणलं. मग हळूहळू त्याच्यावर छत्री अडकली, पिशवी अडकली, शाळेचं वेळापत्रक चिकटलं. दसऱ्याला नाना वखारीतल्या काट्याची पूजा करायचे. त्या वर्षीपासून ते झेंडूची फुलं घेऊन माडीवर तिन्ही डब्यांना हार घालत आणि मग खाली येऊन आमच्या खांबाला हळदकुंकू लावत. मी नमस्कार करत नसे. अक्का करत.

डबे नुसते उभे राहिले तर आतून दमट होतात असं नानांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी ते डबे चालू करत. सुनीलने मागे ठेवलेली पितळी टोकनं होती, त्यातलं एक टाकायचं आणि दांड्याला हात लावायचा. पडद्यावर एक विमान येई. नाना गोळ्या झाडत नसत. बटण दाबलं की डबा हादरतो आणि डबा हादरला की पाटी हादरते. विमान बिचारं सरळ जात राही आणि थोड्या वेळात कोणाच्या तरी गोळीने फुटे. "गयं," म्हणून नाना पुढच्या डब्याकडे वळत. गल्लीतली पोरं जिन्यात गर्दी करत. नाना त्यांना पाय धुवायला लावून एकेक करून वर घेत आणि खेळू देत, पण अट एकच होती: उडी मारायची नाही. पोरगं जिंकलं की त्याच्या टाचा उचलल्या जात. नाना ओरडत, "मनमा मार! उडी मनमा मार!" जिंकूनही अंग आवरून दात ओठ खात उभी राहिलेली ती पोरं मला अजून दिसतात.

एकदा धुळ्याचा एक गृहस्थ डबे विकत घ्यायला आला. त्याचं तिकडे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नानांनी त्याला कडेकडेने वर नेलं, तिन्ही डबे चालवून दाखवले, घोंगडीचे पट्टे दाखवले, अक्कांनी चहा केला. माणूस खूश. किमतीचं बोलणं काढलं तर नाना म्हणाले, विकायचे नाहीत.

"मग एवढं दाखवलं कशाला?"

"तुमना वयखीना कोनी ना कोनी सुरतले जास असी," नाना म्हणाले. "त्याले सांगा, डबा बेस शेत."

निरोप सुरतेला पोचत असावेत, कारण पुढे तिकडूनही एक आला. गावाकडच्या एका लग्नात कोणी तरी नानांना सांगितलं की सुनील म्हणतो, आता घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आले, त्या डब्यांना कोणी कुत्रं विचारत नाही, भंगारात देऊन टाका. लग्नाहून नाना न जेवता परत आले. ओट्यावर बसून राहिले. मी शाळेतून आले तर म्हणाले, "बाई, दुसराना तोंडना निरोप. मी ऐका नही असं समजसू." दुसऱ्या दिवशी रविवार नसतानाही त्यांनी तिन्ही डबे चालू केले.

त्यानंतर मात्र नाना उतरले. वजन कमी झालं ते त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही, मला आलं. अक्कांना तर आलंच. त्यांनी नानांना काही न सांगता एका बाईबरोबर सुरतेला निरोप धाडला. तो मला त्यांनी स्वयंपाकघरात बसून सांगितला: माडी खचली आहे, घर केव्हाही खाली येईल, खालच्या भाडेकरीण बाई डब्यांखाली चिरडून मरतील, तेव्हा ताबडतोब येऊन तुझे डबे घेऊन जा. "अक्का, मला का मारलंत?" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमनासाठे तो उना नही. परकासाठे ई."

आणि तो आला. सहा-सात वर्षांनी, टेम्पो घेऊन. अंगाने भरला होता, मिशी ठेवली होती. नाना ओट्यावर बसले होते. टेम्पोवाला इंजिन बंद करून उतरला. नानांनी सुनीलला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वजन वाढनं शे तुनं."

"हां."

"बरं शे. वर भितजोडे चालजो."

मी मागोमाग माडीवर गेले. जायला नको होतं, पण गेले. सुनीलने डब्यांवरचे अक्कांनी शिवलेले कापडी झगे काढले, खाली वाकून फळ्या बघितल्या, घोंगडीचे पट्टे बघितले, काळे डाग बघितले. एक डबा चालू केला. तो चालला. विमान आलं.

"नाना, ह्यासले आते कोनी इचारत नही."

"ठाऊक शे."

"मंग कसाले सांभायात इतला वरीस?"

"तूच सांगं व्हतं, ईसन लई जासू म्हनीसन."

सुनीलने बाहीने पडद्याची काच पुसली. ती स्वच्छच होती. बराच वेळ तो पुसत राहिला.

दुपारी हमाल आले. खिडकीकडचे दोन डबे नानांच्या देखरेखीखाली दोरांवरून अलगद उतरले. नानांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. हमाल तिसऱ्या डब्याला, भिंतीकडच्याला, दोर लावायला गेले आणि नाना मध्ये उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे. पाटी उचली गयी शे. दोन डबा हालनात, आज तिसरा हालाडा तं बठ्ठं बशी जाई."

तिसरा डबा! ज्याच्याखालच्या तुळईवर मिस्त्री हत्ती बांधायला निघाला होता! मी तोंड उघडलं. तेवढ्यात अक्कांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

"मंग कव्हय नेऊ?" सुनीलने विचारलं.

"दिवाईले ये. तवपावत पाट्या पक्क्या व्हतीन."

सुनीलने आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे. अक्का पदर सारखा करण्यात गुंतल्या होत्या. "बरं," तो म्हणाला. "दिवाईले येसू."

टेम्पो गेल्यावर नाना माझ्या दारात आले. "मिस्त्रीनं बोलनं तुम्ही सांगं नही. बरं करं, बाई."

"मला काय कळतं सुतारकामातलं," मी म्हटलं आणि घाईने आत गेले.

दिवाळीला सुनील आला तेव्हा पाट्यांना नुकतंच तेल दिलेलं होतं. दिवाळीत तेल देताना मी नानांना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. आखाजीला आला तेव्हा लाकूड तापून ताणलं होतं. पुढच्या दिवाळीला लाकूड पावसाने फुगलेलं होतं. एकदा तर नानांनी सांगितलं, हमाल चांगले मिळत नाहीत, आणि गल्लीतले दोन हमाल समोरच्या ओट्यावर बसून ते ऐकत होते. सुनील मान डोलवायचा, दोन दिवस राहायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि जायचा. टेम्पो पहिल्या एक-दोन खेपांनाच आला. मग तो बायकोला घेऊन आला. नानांनी सुनेकडे एकवार पाहिलं आणि अक्कांना म्हणाले, "हलकी शे. जेवाले घाल." नंतर एक मुलगीही आली. तिचं वजन मात्र नाना तिला हातांत घेऊनच करत, आणि दर वेळी परत परत करत.

आम्ही मधल्या काळात गावाबाहेरच्या कॉलनीत घर बांधलं. गुळगुळीत फरशी, वर सिमेंटचा स्लॅब. पलंगाशेजारी खांब नाही याची सवय व्हायला मला वेळ लागला. पण दिवाळीचा फराळ घेऊन नानांकडे जाणं आम्ही सोडलं नाही.

शेवटच्या दिवाळीला गेलो तेव्हा नाना आमच्या जुन्या खोलीत अंथरुणावर होते. जिना चढणं बंद झालं होतं. सुनीलची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, त्याची बायको मुलीला टोपडं बांधत होती. गाडीची वेळ होत आली होती. नानांनी त्याला जवळ बोलावलं. आम्ही उठायला लागलो तर हातानेच बसा म्हणाले.

"सुनील, आते लई जाय रे भो तुना डबा." त्यांना दम लागत होता. "पाट्या पक्क्या शेत. पहिलेपासूनच पक्क्या व्हत्यात. मीच तुले उगाच फेऱ्या माराले लावं."

अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुनील उठला आणि जिन्याने वर गेला. वर काय करत होता कोण जाणे, पण बराच वेळ लागला. बायकोने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मग तो खाली आला, नानांच्या उशाशी बसला आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"दखी उनू, नाना," तो म्हणाला. "पाट्या अजून कच्च्याच शेत. आखाजीले ईसन परत दखसू."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. "बराबर दखं ना?"

"बराबर दखं."

"मंग ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.